विषाणूची कळ

कपाशीच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर आई संध्याकाळी कळीतले पुंकेसर नखाने काढायची, दुसऱ्या सकाळी नराचं फूल त्यावर फिरवायची. आम्ही पोरं खुणेचे दोरे बांधायचो. ‘जालना सोने का पालना’ म्हणतात. त्यातलं बरंचसं सोनं बियाण्याचं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी काढली.

मार्च २००२ मध्ये महिकोच्या तीन बीटी वाणांना परवानगी मिळाली. बोंडअळी मारणारं जनुक जिवाणूचं, हे दुकानदारही सांगायचा. पण ते चालू करणारी कळ, म्हणजे प्रमोटर, फ्लॉवरवरच्या मोझॅक विषाणूची, हे कोणी बोलेना! हा डीएनएचा विषाणू झाडाच्याच यंत्रणेकडून आपली जनुकं वाचून घेतो. त्याची कळ पानापासून बोंडापर्यंत जवळपास कायम चालू. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा पॅपिलोमा विषाणूही असाच परक्या घरात हुकूम चालवतो: त्याचं ई-७ प्रथिन पेशीविभाजन रोखणाऱ्या आरबी प्रथिनाला निकामी करतं. कपाशीत मात्र विषाणूचा नुसता तुकडा, रोग नाही. मला तरी विषाणूचीच कळ पळवण्याचा हा प्रकार चोरावर मोर वाटतो.

कळ चालू असूनही २०१७ साली गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यातली बीटी कपाशी पोखरली. आईने त्या वर्षी पऱ्हाट्या डिसेंबरातच उपटायला लावल्या.