‘मोन’ आणि ‘कोमोन’ : जपानी रंगाऱ्यांच्या कागदी साच्यांचा इतिहास

जपानी भाषेत कुलचिन्हाला ‘मोन’ म्हणतात आणि कापडावर उमटविलेल्या नक्षीलाही ‘मोन’च म्हणतात. हा शब्द ज्या चिनी लिपिचिन्हाने लिहिला जातो त्याचे दोन अवयव आहेत : डावीकडचा सुताचा वाचक, उजवीकडचा लेखन किंवा आकृती यांचा. कुलचिन्हे वंशविद्येकडे आणि नक्षी कलेतिहासाकडे सोपविण्याची जी वाटणी अभ्यासकांनी पुढे केली, ती या शब्दाला मानवणारी नाही. दोहोंचा संबंध जेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळतो ती वस्तू म्हणजे रंगाऱ्याचा कोरीव कागदी साचा, ‘कातागामी’. (‘काता’ म्हणजे साचा, ‘कामी’ म्हणजे कागद, समासात उत्तरपदाच्या आरंभीच्या ‘क’चा ‘ग’ होतो.)

हे साचे मुख्यतः इसे प्रांतातील शिरोको व जिके या दोन गावांत कोरले जात. ही गावे आता सुझुका शहरात मोडतात. १६१९ मध्ये शिरोको तोकुगावा घराण्याच्या किशू शाखेच्या अमलाखाली आले आणि त्या दरबाराच्या आश्रयाने येथील व्यापारी साचे घेऊन देशभर फिरू लागले. कोझो झाडाच्या सालीपासून केलेल्या हातकागदाचे ताव, तंतूंची दिशा आडवी-उभी आलटून, एकावर एक चिकटवीत. चिकटविण्यासाठी ‘काकी’ या फळाचा आंबविलेला तुरट रस वापरीत. हे फळ महाराष्ट्रातील टेंभुर्णीच्याच कुळातले आहे. मग तो कागद धुरात ठेवीत. त्यामुळे त्याला तपकिरी रंग येई आणि तो पाण्याने ताणला वा आकसला जात नसे. कोरण्याच्या रीती चार. अर्धगोल टोचा जागच्या जागी फिरवून पाडलेली छिद्रे. पाते खालीवर चालवून कापलेल्या रेषा. पाकळी, चौकट अशा आकाराच्या पात्याने एका दाबासरशी उमटणारे ठसे. आणि पोलादी पट्टीच्या आधाराने ओढलेले पट्टे. छिद्रकामाच्या बारीक नमुन्यांत १ चौरस सेंटिमीटरात सुमारे १०० छिद्रे भरतात.

रंगारी लांब फळीवर रेशीम ताणून साच्यातून तांदळाची खळ फासतो, साचा उचलून पुढे सरकवितो आणि कडेच्या बारीक टिंबांवरून जोड जुळवितो. या टिंबांना ‘होशी’, म्हणजे तारे, म्हणतात. खळ बसते तेथे रंग चढत नाही. म्हणजे कोरणाऱ्याने जे कापून काढले तेच कापडावर कोरे राहते. पट्टे लांब असले की कागद लुळा पडतो. त्यावर उपाय म्हणून साच्याचे दोन थर सोडवून मध्ये रेशमाचे धागे घालीत आणि थर पुन्हा चिकटवीत. धागा इतका बारीक असे की खळ त्याच्या खालून मिळून येई आणि आधाराची खूण कापडावर राहत नसे.

कुलचिन्हांचा उगम हेइआन काळातील सरदारांच्या रथांवरील खुणांत शोधला जातो. रणांगणावर ती निशाणांवर चढली. एदो काळात लढाया थांबल्या, पण चिन्हांचे महत्त्व उलट वाढले. सरंजामदारांच्या मिरवणुका ओळखता याव्यात म्हणून त्यांची चिन्हे देणाऱ्या ‘बुकान’ नावाच्या छापील याद्या विकल्या जात. वस्त्रावर चिन्हाची जागा आधी पांढरे वर्तुळ म्हणून राखून ठेवीत आणि गिऱ्हाईक ठरल्यावर चिन्हकार त्यात चिन्ह भरी. या कोऱ्या वर्तुळाला ‘कोकुमोची’ म्हणत. त्याच उच्चाराचा दुसरा शब्द काळ्या गोल पोळीसारखे चिन्ह दर्शवितो. आणि ‘कोकु’ हे तर सरदारांचे उत्पन्न मोजण्याचे धान्यमाप. त्यामुळे ‘कोकु बाळगणारा’ असा शुभ अर्थ या साध्या वर्तुळाला येऊन चिकटला.

‘कोमोन’ म्हणजे लहान मोन. दरबारी पोशाखावर ही सूक्ष्म नक्षी असे, आणि काही नमुने विशिष्ट घराण्यांसाठी राखीव होते. किशू तोकुगावांचे शार्कच्या कातडीसारखे ठिपके, कागाच्या माएदांचे चौकटीतले शेवंतीचे फूल आणि सात्सुमाच्या शिमाझूंच्या लहानमोठ्या गारा ही त्यांतली प्रसिद्ध उदाहरणे. येथे एक विसंगती ध्यानात येते. कुलचिन्ह दुरून वाचले जावे म्हणून असते. कोमोन दुरून दिसतच नाही, कापड एकरंगी भासते. घराण्याची ओळख एकाच पोशाखावर एकदा जाहीर होते आणि एकदा जवळ येणाऱ्यापुरती उरते. यातील दुसरा प्रकार केवळ साच्यामुळे शक्य झाला. हातातल्या कुंचल्याचे ते काम नव्हे.

सामान्यांना आडनाव उघडपणे लावण्याची मोकळीक १८७० पर्यंत नव्हती. कुलचिन्ह वापरण्यास मात्र बंदी नव्हती. पण त्यांच्या कोमोनमध्ये वंशापेक्षा भाषाच अधिक खेळते. सहा भोपळे काढले की ‘मुब्यो’, म्हणजे निरोगीपणा, असे वाचावयाचे. कोयता (‘कामा’), कडे (‘वा’) आणि ‘नु’ हे अक्षर मिळून ‘कामावानु’, पर्वा नाही. हे चित्रवाक्य सातव्या इचिकावा दांजूरो या नटाने रंगभूमीवर लोकप्रिय केले. प्रतिस्पर्धी तिसऱ्या ओनोए किकुगोरोने कुऱ्हाड, ‘कोतो’ वाद्य आणि शेवंती यांतून ‘योकी कोतो किकु’, शुभवार्ता ऐकू येते, असे उत्तर दिले. प्रेक्षक ती वाक्ये आपल्या सुती पोशाखांवर रंगवून घेऊ लागले. ज्यांना नावाने मिरविता येत नव्हते, ते एक अख्खे वाक्य अंगावर वागवीत होते.

पट्ट्यांचा इतिहासही शब्दात साठलेला आहे. पट्ट्यांना ‘शिमा’ म्हणतात. त्याच उच्चाराच्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ बेट. समुद्रापलीकडून आलेले ‘बेटांवरचे कापड’ यावरून हा अर्थ आला असे मानतात. पोर्तुगीज जहाजांतून आलेल्या अशाच एका पातळ रेशमी कापडाचे नाव ‘चाउ-जिमा’, म्हणजे कोकणातील चौलचे पट्टे. पुढे ते क्योतोत विणले जाऊ लागले. ते विणकाम होते, साच्याचे काम नव्हे. पण पट्ट्यांची जी आवड या आयातीने लावली, तिला शिरोकोच्या कोरणाऱ्यांनी कागदावर उत्तर दिले.

मेइजी काळात पोशाख बदलला आणि झिजलेले, निरुपयोगी झालेले साचे युरोपात जाऊ लागले. लंडनमध्ये ॲन्ड्र्यू ट्यूअरने १८९२ मध्ये त्यांच्या प्रतिकृतींचे पुस्तक काढले. ड्रेस्डेनच्या संग्रहालयात असे १५,००० हून अधिक साचे आहेत. तेथे ते चित्रे म्हणून पाहिले गेले. हे कौतुक खरे असले तरी अपुरे होते. रंगाऱ्याला साच्याचे मोल उमटलेल्या कापडावरून कळे. उजेडाविरुद्ध धरलेल्या कागदात ‘कामावानु’ वाचता येत नाही, कोयता तेवढा दिसतो. आज हौशी कारागिरांसाठी प्लॅस्टिकवर कापलेली जपानी कुलचिन्हे मिळतात. त्यांत धागा नसतो, तुकडे जोडणारे सांधे रंगातही उमटतात, आणि चिन्ह कोणत्या घराण्याचे हे विकणाराही सांगत नाही.

जपानी शासनाने १९५५ मध्ये इसेच्या सहा कारागिरांना अमूर्त सांस्कृतिक ठेव्याचे धारक म्हणून मान दिला. त्याच वर्षी रंगारी कोमिया कोसुके यांचा गौरव झाला. क्योतोच्या बहुरंगी कोमोनपासून त्यांचे काम वेगळे दाखविण्यासाठी ‘एदो-कोमोन’ हा शब्द तेव्हा घडविण्यात आला. पुढच्याच वर्षी सेरिझावा केइसुके यांच्यासाठी ‘काता-एझोमे’ असा दुसरा शब्द करावा लागला. सेरिझावा आपले साचे स्वतःच कोरीत. एदो-कोमोनची गोष्ट तशी नव्हती. एदोत असे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू होते, पण त्याला हे नाव नव्हते. आणि नाव एदोचे पडले तरी कागद कोरले जात होते ते शिरोकोतच.