लॅपटॉपमध्ये दोन ड्राइव्ह कसे वापरायचे? आणि दोन्ही मिळून एक का करू नये?

जुना लॅपटॉप सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागत असतील, तर दोष बऱ्याचदा प्रोसेसरचा नसतो, हार्ड डिस्कचा असतो. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी ही तबकडी सेकंदाला साधारण १०० एमबी डेटा वाचते. साटा एसएसडी ५०० एमबीच्या आसपास जाते, एनव्हीएमई एसएसडी ३००० एमबीच्याही पुढे. म्हणून एसएसडीवर विंडोज आणि सॉफ्टवेअर, तर हार्ड डिस्कवर फोटो आणि सिनेमे, ही जोडी अनेक जण वापरतात.

दुसरा ड्राइव्ह बसवायचा कुठे? अनेक लॅपटॉपमध्ये २.५ इंची हार्ड डिस्कशिवाय एक एम.२ स्लॉट असतो. फसगत होते ती इथेच. एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे; काही स्लॉटना साटाच चालते, काहींना एनव्हीएमईच. चुकीची एसएसडी स्लॉटमध्ये छान बसते आणि तरी लॅपटॉपला दिसत नाही, असंही होतं. त्यामुळे खरेदीआधी आपल्या मॉडेलची माहिती तपासायलाच हवी. एम.२ नसेल पण डीव्हीडी ड्राइव्ह असेल, तर तो काढून त्या जागी कॅडी बसते. तिची जाडी ९.५ मिमी की १२.७ मिमी, हे आधी मोजून घ्या.

नवा ड्राइव्ह बसवूनही दिसला नाही, तर बहुतेक वेळा त्यावर पार्टिशन केलेलं नसतं. ते डिस्क मॅनेजमेंटमधून करता येतं. फक्त घाईत जुना ड्राइव्ह फॉरमॅट होणार नाही, एवढं पाहा.

यानंतर मोह होतो तो दोन्ही जोडून एकच मोठा ड्राइव्ह करण्याचा. विंडोजमध्ये तशी सोयही आहे. पण रेड ० पद्धतीत प्रत्येक मोठ्या फाइलचे तुकडे दोन्ही ड्राइव्हवर विभागले जातात. एक बंद पडला की दुसऱ्यावर उरतात ते अर्धवट तुकडे, म्हणजे लग्नाचा अख्खा अल्बम गेला. शिवाय एसएसडीला हार्ड डिस्क जोडली तर वेग हार्ड डिस्कचाच मिळतो. ड्राइव्ह दोन, अक्षरंही दोन, सी आणि डी, हेच बरं.

रेड १ मध्ये दोन्हीकडे एकच डेटा राहतो, पण जागा लहान ड्राइव्हएवढीच मिळते. आणि तो बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हीकडून जाते. लॅपटॉप लोकलमध्ये राहिला तर दोन्ही ड्राइव्ह त्याच्याबरोबर गेले. तिसरी प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवा आणि कॉपी झाल्यावर केबल काढून तो कपाटात ठेवा.