हिरोशिमाच्या हट्टाची गाडी

पहिलं महायुद्ध पेटलं आणि युरोपातून जपानला येणारं बूच थांबलं. हिरोशिमातल्या काही मंडळींनी मग तिथल्याच ओकच्या सालीपासून बूच बनवायला घेतलं. या धंद्याला ३० जानेवारी १९२० रोजी रीतसर कंपनीचं रूप आलं आणि तिचं नाव ठेवलं गेलं तोयो कॉर्क कोग्यो. पुढच्याच वर्षी सूत्रं जुजिरो मात्सुदा यांच्या हाती आली. ते कोळ्याच्या घरात जन्मलेले, पोरवयात ओसाकाला जाऊन लोहाराच्या हाताखाली काम शिकलेले आणि पुढे पंपांच्या धंद्यात नाव काढलेले गृहस्थ. युद्ध संपल्यावर परदेशी बूच पुन्हा बाजारात आलं, त्यात १९२५ साली कारखान्याला आग लागली. मात्सुदांचा जीव मुळात यंत्रांत रमणारा. त्यांनी कंपनी तिकडेच वळवली आणि १९२७ मध्ये तिच्या नावातला ‘कॉर्क’ काढून टाकला.

१९३१ मध्ये या कारखान्यातून ‘माझदा-गो’ ही तीनचाकी मालगाडी बाहेर पडली. मोटारसायकलचं तोंड आणि मागे सामानाचा हौदा अशी तिची घडण होती. अग्यारीशेजारी वाढलेल्या मुंबईकराला अहुर मझ्द हे पारशांच्या देवाचं नाव परकं नाही. कंपनीने तेच उचललं, शिवाय ते मात्सुदा या आडनावाशीही जुळत होतं. गाडी टिकाऊ आहे हे लोकांना पटवण्यासाठी १९३६ मध्ये या तीनचाक्यांचा ताफा दक्षिणेच्या कागोशिमापासून थेट तोक्योपर्यंत नेला. अंतर २,७०० किलोमीटर, दिवस लागले पंचवीस. मालकाचा विश्वास रस्त्यावर मिळवायचा, ही सवय या कंपनीला तेव्हापासून आहे.

मग ६ ऑगस्ट १९४५ उजाडला. तो जुजिरो मात्सुदांचा सत्तरावा वाढदिवस होता. बॉम्ब शहराच्या मध्यावर फुटला. कारखाना तिथून सुमारे पाच किलोमीटरवर फुचू गावात होता आणि मधे हिजियामा टेकडी होती. इमारतींची मोडतोड झाली तरी त्या उभ्या राहिल्या. मात्सुदाही वाचले. शहरात कामानिमित्त गेलेले कामगार मात्र मारले गेले. उद्ध्वस्त शहरात धड छप्पर उरलं नव्हतं, म्हणून हिरोशिमा प्रांताचा सरकारी कारभार महिनोन् महिने याच कारखान्याच्या इमारतींतून चालला. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथे तीनचाकी पुन्हा तयार होऊ लागली. चार महिन्यांत! सामान मिळेना, माणसं आजारी, घरं जळालेली, अशा गावात कुणीतरी पुन्हा नटबोल्ट आवळायला बसलं. या कंपनीबद्दल, म्हणजे आजच्या माझदाबद्दल, जे काही बोलायचं ते या डिसेंबरला बाजूला ठेवून बोलताच येत नाही, असं मला मनापासून वाटतं. हिरोशिमाच्या माणसाच्या दृष्टीने ती आजही घरचीच कंपनी आहे. शहराच्या ‘कार्प’ या बेसबॉल संघाच्या नावात ‘तोयो’ हा शब्द अजून टिकून आहे.

जुजिरोंचे चिरंजीव त्सुनेजी १९५१ मध्ये अध्यक्ष झाले. १९६० मध्ये ३५६ सीसीची चिमुकली ‘आर३६०’ ही कंपनीची पहिली मोटार आली आणि खपलीही. पण त्सुनेजींना घोर वेगळाच होता. परदेशी गाड्यांना बाजार खुला करण्याआधी देशातल्या मोटार कंपन्या एकत्र करून मोजकेच गट ठेवावेत, असा जपान सरकारचा विचार चालला होता. तोक्योपासून दूरच्या, तीनचाक्या बनवणाऱ्या कंपनीला त्यात कोण विचारणार? दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी आपल्याकडे हवं, तरच आपण स्वतंत्र राहू, हा त्यांचा हिशोब होता. आणि तो हिशोब त्यांना जर्मनीत एनएसयू कंपनीच्या दारी घेऊन गेला. तिथे फेलिक्स व्हँकेल यांच्या कल्पनेतलं रोटरी इंजिन आकाराला येत होतं. १९६१ मध्ये करार झाला.

नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली धावतो आणि त्या धावण्याचं फिरण्यात रूपांतर करावं लागतं. रोटरीत पिस्टनच नाही. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, म्हणजे रोटर, एका घरात फिरत राहतो. ते घर भुईमुगाच्या शेंगेसारखं मधे किंचित चेपलेलं. रोटर फिरताना त्याच्या तीन बाजूंना तीन पोकळ्या होतात. त्या लहानमोठ्या होत जातात, आणि वायू आत घेणं, दाबणं, पेटवणं, बाहेर टाकणं हे सगळं त्या फिरण्यातच उरकतं. सुटे भाग कमी, वजन कमी, थरथर जवळजवळ नाही. कागदावर यासारखं सुंदर इंजिन नाही.

कागदाबाहेर ते भयंकर निघालं. रोटरच्या तीन टोकांवरची सील घराच्या आतल्या भिंतीला घासत फिरतात. काही तासांत भिंतीवर आडव्या चरे-लाटा उमटायच्या आणि इंजिन निकामी व्हायचं. अभियंत्यांनी त्या ओरखड्यांना ‘सैतानाच्या नखांच्या खुणा’ म्हणायला सुरुवात केली. त्यांचे प्रमुख केनिची यामामोतो. तोक्योच्या विद्यापीठात शिकून ते हिरोशिमाला परतले होते आणि याच कारखान्यात तीनचाकीचे भाग जोडण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. त्यांच्या तुकडीत सत्तेचाळीस जण. आपल्या धन्यासाठी जिवावर उदार झालेल्या सत्तेचाळीस सामुराईंची गोष्ट जपानमध्ये पोराटोरांना ठाऊक असते, त्यामुळे ‘सत्तेचाळीस सामुराई’ हे नाव त्यांना आपोआपच चिकटलं. सील कशाचं करावं, पोकळ करावं की भरीव, असे प्रयोग वर्षानुवर्षं चालले. शेवटी कार्बन आणि ॲल्युमिनियम एकत्र करून केलेलं सील टिकलं. १९६७ च्या मे महिन्यात ‘कॉस्मो स्पोर्ट’ विक्रीला आली. ही जगातली पहिली दोन रोटरांची मोटार. एनएसयूची ‘आरओ ८०’ त्याच वर्षी आली. तिच्या इंजिनांच्या भरपाईतच ती कंपनी खचली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या घरात गेली. ज्याने कल्पना विकली तो थांबला, आणि ज्याने ती विकत घेतली तो पुढे चालत राहिला.

पुढची पाच-सहा वर्षं तेजीची. अमेरिकेत धुराचे नियम कडक होत होते आणि माझदाची रोटरी ते पाळू शकत होती. एवढ्यात १९७३ चं तेलसंकट आलं. रोटरी पेट्रोल पिते, हे मालकांना ठाऊक होतंच, आता अमेरिकन सरकारने गाड्यांचे मायलेजचे आकडे जाहीर केले आणि माझदाची विक्री कोसळली. कंपनी बुडायला आली. सुमितोमो बँकेने तिला सावरलं. कारखान्यातल्या माणसांना काढून टाकण्याऐवजी हजारोंना गाड्या विकायला गावोगावच्या डीलरांकडे पाठवलं गेलं. १९७९ मध्ये फोर्डने जवळपास चौथा हिस्सा घेतला. कुणीही शहाणा माणूस अशा वेळी ते इंजिन गुंडाळून ठेवेल. यामामोतोंचं म्हणणं होतं की या इंजिनावर विश्वास ठेवून ज्यांनी गाड्या घेतल्या त्यांना वाऱ्यावर सोडता येणार नाही. इंधनाचा खर्च खाली आणायचं काम तुकडीने हाती घेतलं आणि १९७८ मध्ये ‘आरएक्स-७’ आणली. तिने रोटरीची लाज राखली.

रोटरीवाल्या मालकाशी बोलायला लागलं की पहिल्यांदा नियम ऐकावे लागतात. थंड गाडी सुरू करून चार हात पुढे घ्यायची आणि लगेच बंद करायची, हे चुकूनही करायचं नाही, नाहीतर प्लग पेट्रोलने भिजतात आणि गाडी रुसते. पेट्रोल भरताना ऑइलची पट्टी तपासायची, कारण सीलला वंगण मिळावं म्हणून हे इंजिन ऑइल जाळतं, तो बिघाड नव्हे. इंजिन तापलं की दिवसातून एकदा तरी इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा लाल रेषेपर्यंत न्यायचा, म्हणजे आत साचलेला कार्बन निघून जातो. आणि जुनी ‘आरएक्स-८’ घ्यायची तर कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. २००३ मध्ये आलेल्या या गाडीच्या इंजिनांनी अनेकांना रडवलं. अमेरिकेत कंपनीला सुरुवातीच्या काही वर्षांच्या गाड्यांसाठी इंजिनाची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. एवढं सांगून झाल्यावर तोच मालक इंजिन सुरू करतो, सुई नऊ हजारांकडे सरकते, आवाज चढत जातो आणि हादरा काही जाणवत नाही. तक्रार आणि प्रेम दोन्ही एकाच निर्णयातून आलेली आहेत, म्हणून त्यांना वेगळं करता येत नाही.

१९९१ च्या जूनमध्ये ल मां इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत हा सगळा हट्ट एकदा फळाला आला. ५५ क्रमांकाची नारिंगी-हिरवी ‘७८७बी’, चार रोटर, चालक जॉनी हर्बर्ट, फोल्कर वाइडलर आणि बर्ट्रांड गाशो. पुढे असलेली मर्सिडीज शेवटच्या तासांत बिघडली आणि माझदा ३६२ फेऱ्या पूर्ण करून जिंकली. हर्बर्ट इतका थकला होता की बक्षीस घ्यायला मंचावर उभाही राहू शकला नाही. २०१८ मध्ये टोयोटाने ही शर्यत जिंकेपर्यंत दुसऱ्या कोणत्याही जपानी कंपनीला ते जमलं नव्हतं.

रोटरीचं एवढं कौतुक करूनही सांगायला हवं की जगाने माझदाला ओळखलं ते एका साध्या चार सिलिंडरच्या गाडीमुळे. बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराने यामामोतोंना सांगितलं होतं की हलकी, उघडी, मागच्या चाकांना ताकद देणारी, परवडणारी दोन आसनी गाडी आता कुणी करत नाही, ती तुम्ही करा. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ‘एमएक्स-५’ आली. स्वार आणि घोडा एकजीव व्हावेत, हे तिच्या अभियंत्यांचं सूत्र होतं. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. दोन आसनी स्पोर्ट्स गाड्यांत सर्वाधिक खपाची म्हणून गिनेसमध्ये तिची नोंद आहे. उंच माणसाचे गुडघे अडतात, मागे दोन पिशव्यांपुरती जागा, पावसात छपराचा आवाज येतो, हे तिचे मालकच आधी सांगतात. आणि समोरून दुसरी एमएक्स-५ आली तर हात हलवल्याशिवाय पुढे जात नाहीत. कंपनीने जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या पुन्हा नव्यासारख्या करून देण्याची सोय काढली. मालकाने तीस वर्षं जपलेली गाडी कारखान्याने स्वतः हातात घेणं, हे मला फार मोलाचं वाटतं.

नव्वदचं दशक कंपनीला जड गेलं. तेजीच्या भरात जपानमध्ये पाच वेगवेगळ्या नावांची विक्रीकेंद्रं काढली होती, फुगा फुटल्यावर ती गळ्याशी आली. १९९६ मध्ये फोर्डचा वाटा ३३.४ टक्के झाला आणि हेन्री वॉलेस अध्यक्ष झाले. मोठ्या जपानी मोटार कंपनीच्या प्रमुखपदी परदेशी माणूस बसण्याची ती पहिलीच वेळ. त्या दिवसांत जपानी मालकांमध्ये एक शब्द रूढ होता, माझदा-नरक. नवी गाडी भरमसाट सवलतीत मिळायची, पण विकायला गेलं की किंमत मातीमोल. बरा भाव द्यायचे ते फक्त माझदाचेच डीलर, म्हणून पुढची गाडीही माझदाचीच घ्यावी लागायची.

२००८ नंतर फोर्ड हळूहळू बाहेर पडली आणि कंपनी पुन्हा एकटी उरली. इतरांनी हायब्रिड आणि टर्बोची वाट धरली असताना हिरोशिमाने साधं पेट्रोल इंजिनच नव्याने घडवायला घेतलं. १४:१ एवढा दाब देऊनही त्याने ठोके देऊ नयेत, यासाठी धुराच्या नळ्यांपासून सगळं बदललं. स्कायॲक्टिव्ह या नावाची ही इंजिनं २०११ पासून आली आणि २०१२ च्या ‘सीएक्स-५’ ने कंपनीचे दिवस पालटले. गाड्यांच्या घाटाची जबाबदारी इकुओ माएदांकडे होती. त्यांच्या वडिलांनी पहिली आरएक्स-७ रेखली होती. सवलतीही कमी केल्या आणि जुन्या गाडीला भाव मिळू लागला.

भारतात माझदाची मोटार आलीच नाही. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर हे नाव दिसलं ते स्वराज माझदाच्या ट्रकांवर आणि छोट्या बसगाड्यांवर. पण मेलबर्न, ऑकलंड किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरी गेलात तर दारात ‘माझदा ३’ किंवा सीएक्स-५ दिसण्याची शक्यता बरीच आहे. त्यांची मतं विचारा. स्टीअरिंग नेमकं चालतं, वळणावर गाडी मनासारखी वागते, आतली शिवण महागड्या गाडीची वाटते. तक्रारीही ठरलेल्या आहेत. मागचं आसन आखूड. अनेक वर्षं चालत्या गाडीत पडद्याला स्पर्श करून काही करता येत नव्हतं, गोल बटणच फिरवावं लागायचं. याबद्दल एकाच घरात नवरा-बायकोचं मत वेगळं असतं. मी बटणाच्या बाजूने आहे, कारण नजर रस्त्यावरच राहते. थंड देशांत रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे पहिल्या पिढीच्या माझदा ३ ची मागची चाकं झाकणारा पत्रा गंजायचा. डिझेल इंजिनांत काजळी साचण्यावरून जपानमध्ये गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आणि तरीही अमेरिकेच्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने मालकांच्या अनुभवांवरून २०२० मध्ये विश्वासार्हतेच्या यादीत माझदाला पहिलं स्थान दिलं. मीठ, काजळी आणि सील यांतून गेलेल्या कंपनीने ते मिळवलं, याचा मला आनंद आहे.

२०१२ मध्ये शेवटची आरएक्स-८ बाहेर पडली आणि रोटरीचं उत्पादन थांबलं. २०२३ मध्ये ते हिरोशिमातच पुन्हा सुरू झालं. यावेळी ‘एमएक्स-३०’ गाडीत ८३० सीसीचा एकच रोटर आहे. तो चाकं फिरवत नाही, बॅटरी चार्ज करण्यासाठी वीज बनवतो. लहान आणि हलका असल्याने तो या कामाला शोभतो, पण आरएक्सच्या मालकांचं समाधान झालेलं नाही. त्याच वर्षी तोक्योच्या प्रदर्शनात दोन रोटरांची ‘आयकॉनिक एसपी’ ही नमुना गाडी दाखवली गेली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत रोटरीवर काम करणारा अभियंत्यांचा गट कंपनीने पुन्हा बांधला. ती विकायला येणार का, हे विचारणारे मालक अजूनही आपल्या जुन्या आरएक्स-७ चं ऑइल दर खेपेला तपासतायत, आणि कंपनी त्यांच्यासाठी बंद पडलेले सुटे भाग पुन्हा बनवते आहे.