बोली आणि उतारी

चिंचवडहून चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून ब्रिजचा डाव रंगायचा. जुन्या ऑक्शन ब्रिजमध्ये बोली थोडक्यात सुटली, तरी जादा केलेले हात गेमला धरले जात. पानांची ताकद लपवणे परवडे. १९२५ साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन गृहस्थाने पनामा कालव्यातून हवानाकडे निघालेल्या 'फिनलंड' बोटीवर नवी गुणपद्धत वापरून पाहिली : जेवढे बोलाल, तेवढेच गेमला. झाले! बोलीत खरे सांगणे भाग पडले. याचा फायदा प्रतिपक्षालाही झाला. कारण पहिली उतारी डमी उघडण्याआधी करायची असते, आणि पुरावा काय तो बोलीचा.

एका सकाळी समोरून 'एक नोट्रम्प, तीन नोट्रम्प' अशी बोली झाली. इस्पिक-बदामाची चौकशीसुद्धा नाही. म्हणजे डमीकडे ते रंग आखूड असण्याचाच संभव. माझ्याकडे इस्पिकची राणीसह चार पाने, चौकटची पाच. मी व्हिस्टपासून चालत आलेला नियम पाळला : लांब रंगातले वरून चौथे पान. चौकट उतरलो. जोडीदाराकडे एक्का-राजासकट पाच इस्पिक होती! मोशी येईपर्यंत समोरच्यांचे नऊ हात झाले. जोडीदार चाकणपर्यंत माझ्याशी बोलला नाही.