सहल गावातच काढा

शाळेची सहल म्हटली की वेरूळ, नाहीतर रायगड. मजा येतेच. पण राणीसावरगावच्या पोरांनी एक सहल गावातच काढावी, असं मला फार वाटतं. रेणुकादेवीच्या देवळापासून वही घेऊन निघायचं आणि म्हाताऱ्यांना विचारायचं: शाळेत उर्दू होतं का? पेटीत एखादं हाली नाणं आहे का? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभार उर्दूत, नाणंही वेगळं. ते कागदाखाली ठेवून वर पेन्सिल घासा, चारमिनार उमटतो! तेव्हा १० वर्षांची असलेली माणसं आज ८५ ओलांडून गेलीत. नाणं टिकेल हो, सांगणारे नाही. त्यांच्या आठवणींचा बॅकअप कुठेच नाही.