तांबेरा: नर्मदाकाठ ते निलगिरी, एका बुरशीचा माग

इतिहासाच्या व्याख्यानमालेत बुरशीवर बोलायचं म्हटल्यावर काहींना नवल वाटलं असेल. पण जुन्या दप्तरांत ‘पीक बुडाले’ अशी नोंद दिसली की आपण तिचा अर्थ फार चटकन लावतो. पाऊस पडला नसेल, असं समजून पुढचं पान उलटतो. कित्येकदा पाऊस नीट झालेला असतो, गहू कमरेएवढा उभा असतो, ओंब्याही निसवलेल्या असतात, आणि तरी खळ्यावर आलेल्या दाण्यात पीठ नसतं. सुरकुतलेला, फोलपटासारखा दाणा. असं पीक कशानं गेलं, हे विचारल्याशिवाय त्या वर्षाचा इतिहास कळत नाही.

आज आपण तांबेऱ्याबद्दल बोलणार आहोत. काही ठिकाणी त्याला गेरवा म्हणतात. नावं रंगावरूनच पडली आहेत, एक तांब्यावरून आणि दुसरं गेरूवरून. गव्हाच्या पानावर, खोडावर पुळ्या उठतात, त्या फुटतात आणि आतून तांबूस भुकटी बाहेर पडते. अशा शेतातून चालत गेलं की धोतर गुडघ्यापर्यंत रंगतं. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. पानावर दव किंवा पाऊस असला की बीजाणू रुजतो, आत शिरतो, आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत तिथे नवी पुळी तयार होते. अशा चार-पाच पिढ्या झाल्या की शेत गेलंच म्हणून समजा. गव्हावर तीन तांबेरे येतात: खोडावरचा काळा, पानावरचा तपकिरी आणि थंड मुलखातला पिवळा. आजची गोष्ट मुख्यतः काळ्याची आहे, कारण दख्खन आणि मध्य हिंदुस्थानात खरी नासधूस त्याने केली.

सुरुवात नर्मदेच्या खोऱ्यातून करू. १८१८ च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांचा आणि पेशव्यांचा उत्तरेकडचा मुलूख इंग्रजांच्या हाती गेला आणि त्यातून सागर-नर्मदा प्रांत तयार झाला. तिथे विल्यम स्लीमन नावाचा अधिकारी होता. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपण त्याला ओळखतो. १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात ठगांच्या कहाण्यांच्या पलीकडे पिकांच्या रोगांवर एक प्रकरण आहे. ते आपल्याकडे फारसं कोणी वाचत नाही, आणि ते वाचायला हवं असं आमचं स्पष्ट मत आहे.

१८२० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षं त्या खोऱ्यात तांबेऱ्याने थैमान घातलं. वीस मैल लांब आणि दहा मैल रुंद असा गव्हाचा सलग पट्टा स्लीमनने पाहिला होता. तो इतका गेला होता की चारांपैकी एक शेतही कापायला लोक तयार नव्हते. काडीसुद्धा जनावरांना घालायच्या लायकीची उरली नव्हती. म्हणजे माणसाचं अन्न आणि बैलाची वैरण एकाच फटक्यात गेली. बैल गेला की पुढच्या वर्षीची पेरणी अडते, हे इथे बसलेल्या शेतकरी घरांतल्या मंडळींना वेगळं सांगायला नको.

लोकांनी याचं कारण कुठे शोधलं? पापात. कुणी म्हणे, छावण्यांमध्ये गोमांस खाल्लं जातं म्हणून. कुणी म्हणे, नव्या अमलात व्यभिचार माजला म्हणून. आपण याला हसू शकतो, पण जरा थांबा. राज्य बदललं, कायदे बदलले, न्यायाची पद्धत बदलली आणि त्याच सुमारास उभं पीक लाल होऊन मेलं. दोन गोष्टींची सांगड घालायला माणसाला याहून जास्त काय लागतं? त्या समजुतीतून बुरशीबद्दल काहीच कळत नाही. पण नव्या राजवटीकडे गावकरी कसं बघत होते ते मात्र छान कळतं, आणि इतिहासकाराला तेही हवंच असतं.

युरोपातही वेगळं नव्हतं. प्राचीन रोमचे लोक २५ एप्रिलला रोबिगस नावाच्या तांबेऱ्याच्या देवतेचा सण करायचे आणि तांबूस कुत्र्याचा बळी द्यायचे. पुढे शेतकऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली: शेताच्या कडेला बार्बेरीचं काटेरी झुडूप असलं की तिथला गहू आधी लाल होतो. या निरीक्षणावर अमेरिकेतल्या वसाहतींनी कायदे केले, कनेक्टिकटने १७२६ साली आणि मॅसॅच्युसेट्सने १७५५ साली. झुडपं तोडा, असा हुकूम. गंमत अशी की तांबेरा हा एक सजीव आहे, गव्हावर जगणारं बांडगूळ आहे, हे इटलीत फोंताना आणि तोझेत्ती यांनी मांडलं ते १७६७ साली. कायदा आधी आणि विज्ञान मागाहून. १८६५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी सिद्ध केलं की ही बुरशी आयुष्याचा एक टप्पा गव्हावर आणि दुसरा बार्बेरीवर काढते. अडाणी ठरवले गेलेले शेतकरी बरोबर होते. १९१८ पासून अमेरिकेने बार्बेरी उपटून काढायची मोठी मोहीम चालवली आणि तिचा फायदाही झाला.

आता आपल्या देशाकडे येऊ, कारण खरा पेच इथे आहे. बार्बेरी आपल्याकडेही आहे. तिची एक भावंड जात म्हणजे आपली दारुहळद, वैद्यांच्या बटव्यातली. ती कुठे उगवते? हिमालयाच्या उतारांवर. दक्षिणेत निलगिरीवरही बार्बेरीच्या जाती आहेत. मग युरोपचा धडा गिरवायचा आणि डोंगरातली दारुहळद तोडत सुटायचं का?

हा प्रश्न एडविन बटलर यांच्यापुढे होता. हे आयरिश गृहस्थ शिकलेले डॉक्टरकी, पण ओढा बुरशीशास्त्राकडे. १९०१ मध्ये ते हिंदुस्थान सरकारच्या नोकरीत आले आणि पुढे बिहारमधल्या पुसा इथल्या संशोधन संस्थेत काम करू लागले. बटाट्याच्या करप्याने ज्यांचा देश उपाशी मेला, त्या आयर्लंडचा माणूस आपल्याकडे पिकांच्या रोगांचं शास्त्र उभारतो, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. बटलर आणि हेमन यांनी १९०६ मध्ये हिंदुस्थानातल्या गव्हाच्या तांबेऱ्यांवर निबंध प्रसिद्ध केला. बार्बेरीची गोष्ट इथे जुळत नाही, हे त्यांना दिसत होतं. जिथे शेकडो मैलांत बार्बेरीचं एक झुडूप नाही, तिथेही दर हंगामात तांबेरा हजर.

मग तो येतो कुठून? आपल्या मैदानी मुलखात मार्च-एप्रिलमध्ये गहू निघतो आणि पुढची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मधले सहा-सात महिने शेतात गहूच नाही. मे महिन्याचं ऊन असं की बीजाणू त्यात जिवंत राहू शकत नाहीत. हा यजमान नसताना हा पाहुणा राहतो कुठे?

याचं उत्तर शोधण्यात करमचंद मेहता यांचं आयुष्य गेलं. हे आग्रा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. केंब्रिजहून परतल्यावर १९२३ च्या सुमारास त्यांनी कामाला हात घातला आणि १९५० मध्ये मृत्यू येईपर्यंत तो सोडला नाही. शिकवण्याची नोकरी सांभाळून, सुरुवातीला हाताशी फारसं काही नसताना. १९३० नंतर सरकारी कृषी संशोधन परिषदेचा पैसा मिळू लागला. पद्धत सांगायला सोपी, करायला जीवघेणी. देशभर ठिकठिकाणी चिकट लेप लावलेल्या काचपट्ट्या हवेत धरायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, कुठे, कोणत्या तारखेला, कोणत्या तांबेऱ्याचा बीजाणू अडकला. सोबत डोंगरात हिंडून उन्हाळ्यात कुठे गहू उभा आहे, त्यावर तांबेरा आहे का, याची नोंद.

वर्षानुवर्षांच्या नोंदींतून चित्र उभं राहिलं. मैदानात तांबेरा दर उन्हाळ्यात मरतोच. तो जगतो डोंगरात, उत्तरेला हिमालयाच्या रांगांमध्ये आणि दक्षिणेला निलगिरी-पळणीच्या डोंगरांवर. तिथे हवा थंड, आणि शेतात काही ना काही गहू वर्षभर असतोच, कधी अवेळी पेरलेला, कधी सांडलेल्या दाण्यातून आपोआप उगवलेला. तिथून तो दर हिवाळ्यात वाऱ्यावर मैदानात उतरतो. बार्बेरीचा या साखळीत काही हात नाही. द बारी चुकले नव्हते. पण युरोपातली बुरशी आणि आपली बुरशी एकच असली, तरी तिचा इथला संसार वेगळा होता. मेहतांच्या नोंदी नसत्या तर ग्रंथातल्या पुराव्यावर आपण हिमालयातली दारुहळद उपटत बसलो असतो.

मेहतांनी उपायही सुचवला होता: निलगिरी-पळणीतलं गव्हाचं अवेळचं पीक बंद करा, आपोआप उगवलेली रोपं काढून टाका. शास्त्राला धरूनच होतं. पण डोंगरातल्या लहान शेतकऱ्याने मैदानातल्या गव्हासाठी आपलं पीक का सोडावं, आणि सोडलं तर त्याला भरपाई कोण देणार, याचं उत्तर काचपट्टीवर सापडत नाही. पुढे भर गेला तो रोगाला दाद न देणाऱ्या वाणांवर.

तोवर एक मोठा तडाखा बसायचा होता. १९४६-४७ च्या हंगामात मध्य हिंदुस्थानात आणि दख्खनमध्ये काळ्या तांबेऱ्याची भयंकर साथ आली. नुकसानीचा अंदाज सुमारे २० लाख टन गव्हाचा. साल बघा. युद्ध संपलेलं, रेशनच्या रांगा चालू, फाळणी तोंडावर. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या त्या हिवाळ्याबद्दल आपण ढीगभर पुस्तकं लिहिली, पण त्यात ही साथ शोधून सापडत नाही. नव्या सरकारला पहिल्या वर्षापासून धान्याची भ्रांत होती. त्याची कारणं सांगताना फाळणीने गेलेला पंजाबचा गहू सगळे मोजतात. शेतातच वाळून गेलेला गहू मोजायचा राहतो.

मेहतांच्या चित्रात एक कोडं उरलं होतं. हिवाळ्यात आपल्याकडे वारे ईशान्येकडून वाहतात. मग निलगिरीवरची भुकटी उत्तरेला नर्मदेपर्यंत जाते कशी? त्याची उकल १९७० च्या दशकात एस. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. उपग्रहांनी घेतलेली ढगांची चित्रं नुकती हाती येऊ लागली होती. त्यांवरून दिसलं की नोव्हेंबरच्या आसपास बंगालच्या उपसागरातलं एखादं वादळ दक्षिण द्वीपकल्पावर येतं आणि विशिष्ट रीतीने मध्य भारताकडे विरत जातं, तेव्हा डोंगरावरचे बीजाणू त्या चक्रात उचलले जातात आणि पावसाबरोबर शेकडो किलोमीटर दूर गव्हावर उतरतात. सगळ्या अटी जुळल्या तरच. म्हणून साथ दरवर्षी येत नाही. ‘आभाळ आलं की तांबेरा पडतो’ असं आपले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले आहेत. त्यांचा कार्यकारणभाव सोळा आणे नसेल, पण पावसाबरोबर तांबेरा अक्षरशः आभाळातून उतरतो, हे त्यांनी उपग्रहाच्या आधी हेरलं होतं.

वाणांची गोष्ट थोडक्यात सांगतो. बेंजामिन पिअरी पाल यांनी १९३० च्या दशकात सुरू केलेल्या कामातून १९५४ मध्ये एनपी-८०९ हा तिन्ही तांबेऱ्यांना तोंड देणारा गहू आला. पुढे हरितक्रांतीत कल्याणसोना देशभर पसरला आणि १९७० च्या दशकात तपकिरी व पिवळ्या तांबेऱ्यापुढे टेकला. एकच वाण सगळीकडे पेरला की बुरशीलाही एकच कुलूप फोडावं लागतं. बुरशीच्या नवनव्या जाती ओळखायच्या तर तिला प्रयोगशाळेत जिवंत ठेवावं लागतं. आपल्याकडे त्यासाठी महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. थंड हवा खायला आणि स्ट्रॉबेरी घ्यायला आपण जातो त्याच गावात रोग मुद्दाम जोपासतात आणि नवे वाण त्यापुढे उभे करून बघतात.

शेवटी आपल्या घरातल्या एका धान्याकडे येऊ. खपली गहू. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या मंडळींना याची खीर आणि पोळी माहीत आहे. कुसळासकट टरफल दाण्याला चिकटून बसतं, कांडल्याशिवाय सुटत नाही. उत्पन्न कमी म्हणून तो मागे पडला. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातून खपलीचं बी अमेरिकेत गेलं. तिथे एल्विन स्टॅकमन हे काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखायची पद्धत बसवत होते: ठरावीक गव्हांवर बुरशी टाकायची आणि कोणता बळी पडतो, कोणता नाही ते बघायचं. त्यांनी निवडलेल्या बारा गव्हांत एकाचं नाव ‘खपली’ असंच आहे, मराठी नाव जसंच्या तसं. तांबेऱ्यापुढे तो विलक्षण टिकला. त्याच्यातून पुढे एसआर-१३ आणि एसआर-१४ ही प्रतिकारक जनुकं ओळखली गेली.

१९९८ मध्ये युगांडात काळ्या तांबेऱ्याची एक नवी जात आढळली. १९९९ मध्ये तिचं वर्णन झालं, म्हणून तिला युजी-९९ म्हणतात. जगभर विसंबून असलेलं एक संरक्षण तिने मोडलं. ती केनिया, इथिओपिया, येमेन करत इराणपर्यंत आली. नॉर्मन बोरलॉग यांनी उतारवयात धोक्याची घंटा वाजवली ती हिच्यासाठी. तिच्यापुढे जी मोजकी जनुकं टिकली, त्यांत खपलीतून आलेलं एसआर-१३ आहे. इथिओपियात मात्र त्याच्यावरही मात करणाऱ्या काही जाती सापडल्या आहेत. आपल्याकडे खपली आज पुन्हा बाजारात दिसते, साखरेच्या रुग्णांचा गहू म्हणून, चढ्या भावाने. तिचे जुने गावरान नमुने अजून काही घरांच्या कणग्यांत असतील. इथे कोणाकडे असं बी असेल, तर कोणत्या गावचं आणि किती पिढ्यांपासूनचं, एवढं टिपून ठेवा आणि जवळच्या कृषी विद्यापीठाला कळवा.