सरनोबतवाडी आणि सेनापति कापशी

कोल्हापूर शहराजवळ, करवीर तालुक्यांत, सरनोबतवाडी नांवाचें गांव आहे. याच जिल्ह्यांत कागल तालुक्यामध्यें सेनापति कापशी म्हणून दुसरें गांव आहे. या वाटेनें नित्य जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकीं फार थोड्यांच्या ध्यानांत येत असेल कीं, या दोन नांवांत एकाच पदाचे दोन पर्याय उभे आहेत. एक फारसी, दुसरा संस्कृत. पहिल्याची जागा दुसऱ्यानें घ्यावी, असें इ. स. १६७४ सालीं रायगडावर ठरलें होतें. ठरलें तसें, पण नकाशावर राहिलीं मात्र दोन्ही नांवें. धातु आणि उपसर्ग हाताशीं घेऊन आपल्या पूर्वजांनीं प्रतिशब्द कसे शोधले, आणि शोधल्यावर त्या शब्दांचें पुढें काय झालें, याची थोडी हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

राज्याभिषेकाच्या वेळीं अष्टप्रधानांच्या फारसी पदांस संस्कृत नांवें मिळालीं. पेशव्यास मुख्य प्रधान, मुजुमदारास अमात्य, सुरनिसास सचिव, वाकनिसास मंत्री, डबिरास सुमंत आणि सरनोबतास सेनापति म्हणावयाचें ठरलें. न्यायाधीश व पंडितराव हीं दोन नांवें मुळांतच संस्कृत, तेव्हां त्यांस हात लावण्याचें कारण नव्हतें. त्याच सुमारास महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांनीं राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला. राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत दरबारी फारसी-अरबी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द त्यांत पद्यरूपानें दिलेले आहेत.

हे प्रतिशब्द निवडले कसे? एक उदाहरण अगदीं चपखल आहे. ‘पेशवा’ या शब्दांतील ‘पेश’ म्हणजे पुढें. पेशवा म्हणजे पुढें चालणारा. ‘प्रधान’ या शब्दांत ‘प्र’ हा उपसर्ग, त्याचाहि अर्थ पुढें. ‘धा’ हा धातु, त्याचा अर्थ ठेवणें. सर्वांच्या पुढें ठेवलेला तो प्रधान. दोन भाषांतील दोन शब्द अवयवाला अवयव लावून जुळविल्यासारखे दिसतात. परंतु असा योग विरळाच. वाकनीस म्हणजे घडलेल्या गोष्टींची नोंद लिहिणारा. मंत्री म्हणजे मसलत देणारा. यांत अवयव जुळत नाहीं, केवळ दर्जा जुळतो.

याहून मौजेची गोष्ट पुढेंच आहे. अमरकोशांत मंत्री, धीसचिव आणि अमात्य हे एकाच अर्थाचे शब्द म्हणून दिलेले आहेत. व्युत्पत्ति पाहिली तर अमात्य म्हणजे राजाच्या सन्निध असणारा, सचिव म्हणजे सोबत करणारा आणि मंत्री म्हणजे सल्ला देणारा. राज्याच्या कारभारांत मात्र हेच पर्याय तीन निरनिराळ्या कचेऱ्यांवर बसविले गेले. अमात्यानें जमाखर्च पाहावा, सचिवानें पत्रें शोधावीं, मंत्र्यानें राजाच्या दिनचर्येची नोंद ठेवावी. जमाखर्चाचा ‘ज’ देखील अमात्य या शब्दाच्या पोटांत नाहीं. म्हणजे धातु आणि उपसर्ग यांनीं शब्द दिला; पण त्याचा अर्थ हातांतल्या कामानें भरला. आजहि मंत्री व सचिव हे एकमेकांचे पर्याय आहेत असें मुंबईच्या मंत्रालयांत कोणी म्हणून पाहावें!

इ. स. १७०७ नंतर छत्रपतींची गादी दुभंगली आणि कोल्हापूरच्या वांट्यास या पदांपैकीं दोन पदें विशेषेंकरून आलीं. रामचंद्रपंत अमात्य यांचें घराणें गगनबावड्याच्या जहागिरीवर स्थिरावलें. आज्ञापत्र हा राजनीतीवरील ग्रंथ याच पंतांच्या नांवावर आहे. दुसरें पद प्रतिनिधीचें; राजाराम महाराजांनीं जिंजीस असतां तें नव्यानें निर्माण केलें आणि पुढें त्याची एक शाखा विशाळगडास कोल्हापूरच्या छत्राखालीं नांदली. ‘प्रति’ आणि ‘नि’ असे दोन उपसर्ग व मागें तोच ‘धा’. दुसऱ्याच्या जागीं ठेवलेला तो प्रतिनिधि. प्रधान आणि प्रतिनिधि यांचें वैर-मैत्र इतिहासांत कसेंहि असो, व्याकरणांत ते सख्खे भाऊ आहेत.

या ‘धा’ धातूचा परिवार पाहूं गेल्यास दिवस पुरणार नाहीं. विधि, निधि, परिधि, उपाधि, समाधि, अभिधान, विधान, संविधान. उपसर्ग बदलला कीं अर्थ पार दुसऱ्या गांवीं जातो. त्यांतलाच एक शब्द ‘संधि’: सम् म्हणजे एकत्र, धा म्हणजे ठेवणें, दोन पक्षांस जोडणें तो संधि. आतां इ. स. १७३१ सालीं सातारचे शाहू महाराज व कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्यामध्यें वारणा नदीची सीमा ठरवून जो करार झाला, त्यास आपण काय म्हणतों? वारणेचा तह. ‘वारणेचा संधि’ असें शाळेंतला मुलगादेखील लिहिणार नाहीं. तह हा शब्द फारसी वाटेनें आला. संधि घरचा, अर्थानें निर्दोष, उच्चारास सोपा. तरीहि या जागीं तह टिकला. संधीला मराठींत व्याकरणाचें काम मिळालें, चालून आलेल्या अवसराचें काम मिळालें, आणि अलीकडे शस्त्रसंधीचेंहि मिळालें. प्रतिशब्द निर्दोष असणें आणि प्रतिशब्दाची गरज असणें, या दोन गोष्टी भिन्न आहेत.

पेशवे या नांवाचीहि तीच कथा. बाळाजी विश्वनाथांच्या वंशजांच्या मुद्रांवर ‘मुख्य प्रधान’ हीं अक्षरें आहेत. पण तोंडीं आणि बखरींत, दोन्हीकडे, पेशवे ते पेशवेच. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं इ. स. १६२८, १६७७ व १७२८ या तीन सालांच्या पत्रांतील शब्द मोजून फारसीचें प्रमाण कसें उतरत गेलें तें दाखविलें आहे. राजवाड्यांचा अधिकार मोठा. तथापि तीन पत्रांवरून शतकाचा न्याय करणें धाडसाचें आहे, असें मला नम्रपणें वाटतें. उत्तर पेशवाईचें दप्तर चाळणारास फारसी शब्द पदोपदीं भेटतात, आणि ‘दप्तर’ हा शब्द त्यांतलाच एक.

आतां आरंभींच्या दोन गांवांकडे वळूं. ‘सर’ म्हणजे डोकें, मुख्य. सरनोबत म्हणजे पहाऱ्याचा मुख्य. फौजेच्या मुख्याचें पद सेनापति झालें. घोरपड्यांच्या त्या पदावरून कापशीस तें विशेषण चिकटलें. परंतु गडकोटांवर हवालदार व सबनीस यांच्या जोडीस सरनोबत नांवाचा अधिकारी होताच. जुना शब्द हद्दपार झाला नाहीं. तो एक पायरी खालीं उतरला आणि तेथें नेटानें काम करीत राहिला. पुढें त्याचें आडनांव झालें. आणि संस्कृत सेनापतीचें काय झालें? लोकांनीं त्याच्या डोक्यावर फारसी ‘सर’ चढविला आणि हंबीरराव मोहित्यांस सरसेनापति म्हटलें! ज्या शब्दाला घालविण्यासाठीं सेनापति आला, त्याचेंच डोकें शेवटीं त्याच्या खांद्यावर बसलें.

हें भाषेच्या अज्ञानाचें लक्षण मानावें काय? मला तसें वाटत नाहीं. मराठी माणसानें फारसी उपसर्ग आपलेच म्हणून वापरले. ‘गैरसमज’ हा शब्द घ्या: गैर अरबी, समज आपला. ‘बेसावध’ त्याहून गोड; ‘बे’ फारसी आणि सावध म्हणजे अवधानासह असलेला, त्यांतहि तोच आपला ‘धा’ दडलेला. उलट संस्कृत ‘प्रति’ मराठीच्या तोंडीं ‘पड’ झाला: प्रतिजिह्वेची पडजीभ, प्रतिच्छायेची पडछाया, आणि प्रतिशब्दाचा पडसाद. प्रतिध्वनि व पडसाद हे पर्याय खरे, पण डोंगरकपारींत घातलेल्या हांकेचा प्रतिध्वनि ऐकूं येतो आणि एखाद्या वार्तेचे पडसाद उमटतात. ही वांटणी कोणत्याहि कोशकाराच्या हुकुमानें झालेली नाहीं.

विसाव्या शतकांत हा प्रश्न पुन्हा उठला. सावरकरांनीं रत्नागिरीच्या स्थानबद्धतेंत भाषाशुद्धीची मोहीम हातीं घेतली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं इ. स. १९३१ सालीं शासनशब्दकल्पतरु हा अनेक भाषांचा कारभारी कोश प्रसिद्ध करविला आणि पुढच्याच वर्षीं ते कोल्हापूरच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. पण या वादाचें खरें नाट्य एका प्राध्यापकाच्या ठायीं घडलें. कवि माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, हे राजाराम कॉलेजांत फारसी शिकवीत. फारसीचा व्यासंग एवढा कीं, इ. स. १९२५ सालीं फारसी-मराठी कोश त्यांनींच रचला. गज्जल मराठींत रुजविली तीहि त्यांनींच. आणि याच गृहस्थांनीं इ. स. १९३८ सालीं ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून परकीय शब्दांच्या विरुद्ध बाजू घेतली. त्यांचा सर्वच निष्कर्ष मला पटत नाहीं. तरी जो माणूस दोन्ही घरांची वंशावळ जाणतो, त्यानें शब्द टाकावयास सांगणें निराळें, आणि ज्यानें एकहि घर पाहिलें नाहीं त्यानें सांगणें निराळें. ग्रंथाच्या नांवांत त्यांनीं ‘विवेक’ हा शब्द ठेवला, तो ‘वि’ उपसर्ग व ‘विच्’ धातूचा. अर्थ, वेगळें करून पाहणें.

त्याच वेळीं कोल्हापुरांत शब्दांची एक नवी टांकसाळ चालूं होती, ती चित्रपटांची. ‘चित्रपट’ हा शब्द जुना. पट म्हणजे वस्त्र, रंगविलेलें वस्त्र तो चित्रपट. ज्या बाबूराव पेंटरांनीं नाटकांचे पडदे रंगविले, त्यांच्याच हातून पुढें चालतीं चित्रें निघालीं, तेव्हां हा शब्द कोल्हापुरांत तरी शब्दशः खरा ठरला. ‘दिग्दर्शक’ हा सावरकरांच्या नांवावर सांगितला जाणारा शब्द, दिशा दाखविणारा, असाच बसला; कारण त्या कामास सुटसुटीत नांव हवेंच होतें. इ. स. १९३२ सालीं प्रभात कंपनीनें येथें ‘अयोध्येचा राजा’ काढला, तेव्हां ‘बोलपट’ हा शब्द सर्वांच्या तोंडीं होता. तो आज ऐकूं येत नाहीं. शब्दांत खोट नव्हती. सगळेच पट बोलूं लागल्यावर वेगळें सांगण्याचें प्रयोजन उरलें नाहीं.

कोल्हापुरांत या साऱ्या गोष्टीला कागदोपत्रीं फार किंमत आहे. येथील गादीनें दत्तकविधान अनेकदां पाहिलें. शाहू महाराज इ. स. १८८४ सालीं कागलच्या घाटगे घराण्यांतून दत्तक आले. ‘दत्तक’ हा ‘दा’ धातूचा शब्द राजवाड्यापासून झोपडीपर्यंत सर्वांस कळतो. पण शेतकरी तलाठ्याकडे जातो तो ‘वारस नोंद’ करावयास. तेथें ‘उत्तराधिकारी’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या कितीहि सुघटित असला, तरी आपल्या बापाच्या जमिनीवर आपलें नांव चढलें कीं नाहीं हें त्या शब्दावरून म्हाताऱ्या बाईस उमगणार नसेल, तर तो प्रतिशब्द त्या कागदावर नसलेला बरा.

गेल्या कित्येक वर्षांत कोल्हापुरानें उच्च न्यायालयाचें ‘खंडपीठ’ मागितलें. ऑगस्ट २०२५ मध्यें सरन्यायाधीशांच्या हस्ते उद्‌घाटन झालें, आणि वृत्तपत्रांनीं ‘सर्किट बेंच’ असेंच छापलें. कारण सर्किट बेंच व खंडपीठ हीं एक नव्हेत, आणि ज्यांनीं इतकीं वर्षें मागणी केली त्यांना हा भेद चांगला ठाऊक होता. अष्टप्रधानांत जें नांव बदलावें लागलें नव्हतें, तें न्यायाधीश हें नांव त्या दिवशीं कोल्हापुरांत पुन्हा उच्चारलें गेलें. आणि त्याच्या मागें, सरनोबताचा तो ‘सर’ होताच.